खाचरातला न दिसणारा बुडबुडा

श्रावणात भातखाचराच्या बांधावर कोरडी जागा मिळत नाही, तेव्हा सोबत एक गोणपाट घ्या. दुहेरी घडी करून टाका आणि बसा. छत्री बाजूला ठेवा. सर येईल आणि जाईल. मी अलिबागकडच्या एका खाचराशी बसलेय असं धरा, तुम्ही तुमच्या ओळखीच्या खाचराशी बसा. लावणी होऊन तीन आठवडे झालेत. रोपांनी माती धरलीय, पण पानांनी अजून पाणी झाकलेलं नाही. ओळींच्या मधल्या घोटाभर पाण्यात आकाश दिसतंय आणि त्या आकाशावर ठिकठिकाणी हिरवट साय आलीय.

ऐकलेली गोष्ट मनात सावकाश फिरवत राहणं म्हणजे मनन. त्याआधी काहीतरी ऐकलेलं असावं लागतं. म्हणून मी मधूनमधून थोडी माहिती सांगेन आणि मग गप्प बसेन. मी गप्प झाले की तुम्ही पाण्याकडे बघा.

त्या सायीखाली अडकलेला एक बुडबुडा शोधा. ऊन असेल तर लगेच सापडेल. मोहरीएवढा, कडेने रुपेरी. हळूहळू फुगतो, सायीला थोडं वर उचलतो आणि फुटतो. त्यात बहुतेक ऑक्सिजन असतो. चिखलातून एकदम भसकन वर येणारा मोठा बुडबुडा वेगळा, त्यात मिथेन असतो. हे दोन दिसतात. आज मनात धरायचा आहे तो तिसरा, जो दिसत नाही. तो हायड्रोजनचा आहे आणि तो बुडबुडा होईपर्यंत टिकतच नाही. तो का टिकत नाही, याच्याशीच आज बसायचं आहे.

आधी श्वासाकडे जाऊ. मुद्दाम खोल घ्यायचा नाही, चाललाय तसा चालू द्या. साध्या श्वासात अर्धा लिटर हवा आत येते, तिचा जवळजवळ ७८ टक्के भाग नत्र. रेणू मोजायचे तर एकावर बावीस शून्यं इतके. ते सगळे आत जातात, फुप्फुसात फिरतात आणि जसेच्या तसे बाहेर येतात. एकही रेणू अंगाला लागत नाही. आपल्या स्नायूंत, रक्तात, नखांत, डोळ्यांच्या पापण्यांत नत्र आहे, पण तो श्वासातून आलेला नाही. तो ताटातून आला, ताटात भातातून आणि डाळीतून आला, भातात मातीतून आला. मातीत कुठून आला, हा प्रश्न.

एक श्वास घ्या. सोडा. बावीस शून्यं आली, बावीस शून्यं गेली.

समोरच्या रोपाचंही तेच. त्याच्या पानांना चारी बाजूंनी नत्र खेटून उभा आहे आणि तरी नत्र कमी पडला की तेच पान पिवळं पडतं. कारण हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने धरून असतात. निसर्गातल्या सर्वांत घट्ट बंधांपैकी हा एक. तो सोडवला नाही तर नत्र असून नसल्यासारखा. 'सागर जवळ आणि घसा कोरडा' ही अवस्था कोकणातल्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको.

हा बंध माणूस कसा सोडवतो, ते इथून फार लांब नाही. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना आहे. तिथे नैसर्गिक वायूपासून अमोनिया होतो आणि अमोनियापासून युरिया. रीत जर्मनीतली. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९मध्ये ती प्रयोगशाळेत करून दाखवली आणि कार्ल बॉश यांनी १९१३मध्ये ओपाऊला तिचा कारखाना उभा केला. ४०० ते ५०० अंश सेल्सियस तापमान, हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब आणि लोखंडाचं उत्प्रेरक. नत्राच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे तीन रेणू लागतात आणि हा हायड्रोजन मिळवायलाच नैसर्गिक वायू खर्ची पडतो. अशा खतकारखान्याचं निम्मं काम नत्राचं नसून हायड्रोजन तयार करण्याचं असतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

हायड्रोजन इथे पुन्हा आला. तो मनात ठेवा. कारखान्यात तो बाहेरून आणावा लागतो.

आता नजर पाण्यात खाली न्या, सायीच्या आत. आपण हिरव्या आणि बुळबुळीत सगळ्यालाच शेवाळ म्हणतो. शास्त्राच्या हिशेबाने यात निदान दोन घराणी आहेत. एक खरी हिरवी शेवाळं, झाडांची दूरची नातलग. दुसरी नीलहरित, त्यांना शेवाळ म्हणायची सवय पडली असली तरी ते जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. दोघांनाही ऊन पिऊन साखर करता येते आणि ऑक्सिजन सोडता येतो. हवेतला नत्र सोडवायचं कसब मात्र नीलहरितांतल्याच काहींकडे आहे.

त्यांच्यातलीच एक अ‍ॅनाबिना. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला मी ती पहिल्यांदा पाहिली. खाचरातल्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेतला, भिंगाखाली धरला, तर मण्यांची माळ! एकसारखे निळसर हिरवे मणी आणि दहा-बारा मण्यांनंतर एक वेगळाच. थोडा मोठा, फिका, जाड कडेचा, दोन्ही टोकांना चकाकणारा एकेक दाणा. 'हेटरोसिस्ट, आकृती काढा, नाव द्या,' एवढंच आम्हाला सांगितलं गेलं. मी पेन्सिलीने ती माळ काढली आणि पुढचं पान उलटलं. त्या फिक्या मण्यात काय चाललंय, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही याची अजून चुटपुट लागते. पण त्यात मी एकटी नव्हते. इंग्लंडमधले शैवालतज्ज्ञ एफ. ई. फ्रिच यांनी १९५१मध्ये याच पेशीला वनस्पतिशास्त्रातलं कोडं म्हटलं होतं. नत्र याच पेशीत सुटतो की काय, असं फे, स्टुअर्ट, वॉल्सबी आणि फॉग या चौघांनी पुराव्यानिशी विचारलं ते १९६८ साली.

त्या माळेबरोबर थोडा वेळ राहू या. घाई नको.

पाण्यात नत्राचं खत विरघळलेलं असतं तोवर माळेतले सगळे मणी सारखे असतात. पाण्यातलं नत्र संपत आलं की काही पेशी बदलायला लागतात. साधारण एक दिवस लागतो. बदलू लागलेली पेशी शेजारणींना एका छोट्याशा प्रथिनाच्या तुकड्यातून निरोप धाडते, 'मी होतेय, तुम्ही थांबा.' म्हणून दोन फिक्या मण्यांमध्ये अंतर राहतं. मग ती आपल्याभोवती जाड भिंती चढवते. त्यांतला एक थर मेदासारख्या पदार्थाचा असतो, वायू सहजी आत शिरू न देणारा. शेजारणींशी जोडणारी वाट अगदी अरुंद करते. पाणी फोडून ऑक्सिजन सोडणारी यंत्रणा आतून बंद होते. उन्हापासून ऊर्जा घेणारा दुसरा भाग चालू राहतो. ऊन हवं, ऑक्सिजन नको, असा तो बेत. आणि ती पेशी पुन्हा कधीच दुभंगत नाही. तिला लेकी नाहीत.

इथे त्याग म्हणायचा मोह होतो. मराठीत तर फारच लवकर होतो. एक पेशी दिसली की आपण तिला पणती करतो. तो मोह आवरू या. शेजारणी तिला साखर देतात, ती त्यांना ग्लुटामाइनच्या रूपात नत्र देते आणि सारी माळ वाढते. हा व्यवहार आहे, आणि व्यवहार म्हणूनच तो जास्त नवलाचा आहे.

एवढ्या भिंती कशासाठी? आतल्या एका विकरासाठी, म्हणजे एन्झाइमसाठी. त्याचं नाव नायट्रोजनेज. थळच्या कारखान्यात जे काम शेकडो अंशांवर होतं ते हा विकर या पाण्याच्या उबेवर करतो. त्याच्या गाभ्यात लोहाचे ७, गंधकाचे ९ आणि मॉलिब्डेनमचा १ अणू आहे. आणि या सगळ्यांच्या मधोमध कार्बनचा एकच अणू, जो २०११पर्यंत ओळखू आला नव्हता. या विकराला ऑक्सिजन सोसत नाही. ऑक्सिजन लागला की तो बिघडतो, आणि पुन्हा दुरुस्त होत नाही.

हे क्षणभर मनात घोळवा. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन भरला तो याच नीलहरितांच्या पूर्वजांनी. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साचू लागला. ज्यांनी जगाला ऑक्सिजन दिला त्यांच्याच घरात ऑक्सिजन न सोसणारं सर्वांत नाजूक भांडं आहे. मग कुणी त्याच्यासाठी जाड भिंतींची वेगळी खोली बांधली. कुणी वेळ वाटून घेतली, दिवसा साखर आणि रात्री नत्र. ग्लिओथिसीसारखे एकपेशीय नीलहरित तसं करतात. समुद्रातला ट्रायकोडेस्मियम मात्र खोली न बांधता भर दिवसा नत्र सोडवतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गोव्याच्या किनाऱ्याबाहेर शांत समुद्रावर लाकडाच्या भुशासारखे पट्टे तरंगतात ते त्याचेच. तो हे कसं जमवतो, यावर अजून बोलणं चालू आहे.

पुन्हा श्वासाकडे या. आत, बाहेर. साधारण पाच सेकंद.

हा विकर संथ आहे. अंगात भरपूर ऊर्जा असली तरी नत्राचा एक रेणू सोडवायला त्याला सेकंद-दीड सेकंद लागतो. तुमच्या एका श्वासात जेमतेम तीन-चार रेणू. तुमच्या श्वासातली बावीस शून्यं मघाशी पाहिली. त्यांच्यासमोर हे तीन-चार ठेवा. म्हणूनच त्या फिक्या पेशीत हा विकर ढिगाने लागतो. एका रेणूची किंमतही थोडी नाही. कमीत कमी १६ एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेची सोळा नाणी, आणि वर ८ इलेक्ट्रॉन.

आठ कशाला? नत्राच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू करायचे तर सहा इलेक्ट्रॉन पुरतात. उरलेले दोन दोन प्रोटॉनांबरोबर जुळतात आणि हायड्रोजनचा एक रेणू होऊन बाहेर पडतात. दर वेळी. नत्राचा एक रेणू आत, हायड्रोजनचा किमान एक बाहेर. कुणी घाई केली म्हणून नाही, विकर जुना झाला म्हणूनही नाही. मालमसाला कितीही चांगला असो, हा एक निसटतोच.

हाच तो तिसरा बुडबुडा. आता गप्प बसू या. ढग आलाय, सायीखालचे रुपेरी मणी फुगायचे थांबलेत बघा.

खूप वर्षं याला गळती म्हणत. वर्गात मीही तसंच शिकवलं: उत्तम विकर, पण थोडा उधळा, आठातले दोन वाया. मग गेल्या दोन-अडीच दशकांत अमेरिकेत हॉफमन, सीफेल्ट, डीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकराला एकेका पायरीवर गोठवून पाहिलं. त्यांच्या कामातून जे उभं राहिलं ते असं. विकर आधी चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन गोळा करतो. त्यांपैकी दोन हायड्रोजन धातूच्या अणूंना चिकटून बसलेले असतात. ते दोघे एकमेकांना धरून वायू होऊन उठतात, तेव्हाच गाभा इतका उतावीळ होतो की नत्राला पकडू शकतो. हायड्रोजन उठतो आणि त्याच जागी नत्र बसतो. नत्र निघून गेला तर हे उलटही होतं.

म्हणजे निसटणारा हायड्रोजन ही गळती नव्हे. नत्राला आत घ्यायची ती किंमतच आहे. हे मला समजलं तेव्हा इतक्या वर्षांच्या विद्यार्थ्यांना पत्र लिहावंसं वाटलं. लिहिलं नाही. पत्ते कुठे होते!

बसल्या बसल्या एवढंच धरा: कुणी उठल्याखेरीज नत्र बसत नाही.

पण निसटलेल्याचं पुढे काय होतं? तो बुडबुडा का होत नाही? कारण त्याच पेशीत दुसरा एक विकर टपून बसलेला असतो, हायड्रोजन परत घेणारा हायड्रोजनेज. वाटण काढून झाल्यावर बायका मिक्सरचं भांडं विसळतात आणि ते पाणी कालवणात ओततात, तसं. हा विकर सुटलेला हायड्रोजन धरतो, त्यातले इलेक्ट्रॉन काढून श्वसनाच्या साखळीत घालतो, आणि ती साखळी ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देते. यातून पेशीला थोडी ऊर्जा परत मिळते आणि भिंतीच्या फटीतून आत शिरलेला ऑक्सिजन संपतो. उरतं ते पाणी. ज्या वायूच्या निसटण्यामुळे नत्र पकडता आला, त्याच वायूने नाजूक विकराची राखणही केली.

या विकराचं जनुक कुठे ठेवलंय तेही सांगते, कारण ते मला फार आवडतं. अ‍ॅनाबिनाच्या ज्या जातीवर प्रयोगशाळांत सर्वांत जास्त काम झालं, तिच्या साध्या हिरव्या मण्यांत हे जनुक अखंड नसतं. त्याच्या मध्येच डीएनएचा एक लांब तुकडा घुसून बसलेला असतो, सुमारे साडेदहा हजार अक्षरांचा. पोथीच्या मधोमध भलत्याच पोथीची पानं शिवावीत तसा. पेशी फिका मणी व्हायला लागली की तो तुकडा कापून बाहेर काढला जातो, दोन्ही टोकं जोडली जातात आणि मगच जनुक वाचता येतं. नायट्रोजनेजच्या एका जनुकातही असाच तुकडा असतो. पुन्हा दुभंगणार नाही हे ठरल्यावरच पेशी ही पानं मोकळी करते.

त्या पोथीजवळ थोडं थांबा.

जे निसटतं त्यावर माणसाची नजर जाणारच. १८९६मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये जॅक्सन आणि एल्म्स हे पिण्याच्या पाण्याच्या वासाचा शोध घेत होते. त्यांनी बरणीत ठेवलेल्या अ‍ॅनाबिनाने वायू सोडला आणि त्यात हायड्रोजन निघाला. मग १९७४मध्ये, खनिज तेलाचा भडका ताजा असताना, बेनेमन आणि वीअर यांनी अ‍ॅनाबिनाला हवेऐवजी आर्गॉन वायूत ठेवलं. पकडायला नत्रच नाही! विकर चालूच राहिला, आणि त्याचे सगळे इलेक्ट्रॉन हायड्रोजन होऊन बाहेर येऊ लागले. पुढे परत घेणाऱ्या विकराचं जनुकच काढून टाकलेल्या माळा तयार केल्या गेल्या. त्या कित्येक पटींनी जास्त हायड्रोजन सोडतात. मिक्सरचं भांडं विसळायचंच नाही, असं शिकवलेल्या माळा.

खऱ्या हिरव्या शेवाळांची गोष्ट वेगळी. त्यांना नत्र सोडवता येत नाही, पण हायड्रोजन सोडता येतो. शिकागोत हान्स गॅफ्रॉन यांनी १९४२मध्ये, रुबिन यांच्याबरोबर, सिनेडेस्मस हे शेवाळ अंधारात ऑक्सिजनविना ठेवून पुन्हा उजेडात आणलं आणि त्याने हायड्रोजन सोडला. यांचा हायड्रोजनेज लोहाचा, भलता चपळ. सेकंदाला हजारो रेणू करू शकणारा. नायट्रोजनेज म्हणजे बैलगाडी म्हटली तर हा आगीनगाडी. पण ऑक्सिजनची भीती याला त्याहून जास्त. उजेडात शेवाळ ऑक्सिजन सोडू लागलं की काही मिनिटांत हा आपणहून बंद पडतो. २०००मध्ये मेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लॅमिडोमोनास या शेवाळाचं गंधक तोडलं. गंधकावाचून पाणी फोडणारी यंत्रणा दुरुस्त होईना, ऑक्सिजन होत होता त्याहून जास्त शेवाळच श्वासात संपवू लागलं, आणि बंद बाटलीतलं ते शेवाळ काही दिवस उजेडातच हायड्रोजन देत राहिलं. मग थकलं. कुठलाही जीव उपाशी ठेवून किती दिवस काम देणार!

माझं मत विचाराल तर या सगळ्यातून इंधन मिळेल की नाही याची मला घाई नाही. मला एवढंच वाटतं की तेल महागलं की शेवाळाच्या बाटल्या कपाटातून बाहेर येतात आणि स्वस्त झालं की परत आत जातात, हे बरं नव्हे. ज्याच्यावर घर चालवायचंय त्याच्याशी असं वागू नये.

ढग गेला. साय पुन्हा बुडबुडे धरू लागलीय. रोपांमध्ये एखादं अझोल्याचं फूल तरंगताना दिसेल. फूल नव्हे, ते नेचं आहे, नखाएवढं. आपल्याकडे गायीगुरांना आणि कोंबड्यांना घालायला ताडपत्रीच्या खड्ड्यात वाढवतात तेच. त्याच्या पानाच्या पोकळीत एक नीलहरित माळ राहते. तिथे फिक्या मण्यांची दाटी असते, बाहेरच्या माळेपेक्षा कितीतरी जास्त. नेच्याच्या बीजाणूंबरोबर ती पुढच्या पिढीत जाते. इतका काळ ती घरजावई राहिली की आता तिला बाहेर एकटीने जगता येत नाही.

याहूनही पुढचं एक पाऊल २०२४मध्ये जाहीर झालं. ब्रारुडोस्फेरा बिजेलोवी हे समुद्रातलं शेवाळ. त्याच्या पेशीत नत्र सोडवणारा एक नीलहरित पाहुणा राहतो, हे आधी माहीत होतं. जोनाथन झेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तो आता पाहुणा उरलेला नाही. तो यजमान पेशीबरोबरच दुभंगतो आणि यजमानाने बनवलेली प्रथिनं घेऊन जगतो. त्याला नाव दिलं नायट्रोप्लास्ट. पानातला हरितलवक हाही कधीकाळी असाच आत आलेला नीलहरित. भाताच्या पेशीत हा दुसरा पाहुणा बसवता येईल का, असं लगेच विचारणारे पुष्कळ आहेत. विचारू द्या. आपण खाचराकडे परत येऊ.

कारण मनन कितीही लांब गेलं तरी शेवटी हिशेब बांधावर करावा लागतो. भातखाचरात खत न घालताही वर्षानुवर्षं थोडं तरी पीक येतं, ते कशामुळे? पी. के. डे यांनी १९३९मध्ये भारतातल्या भातखाचरांच्या मातीवर काम करून याचं श्रेय नीलहरित शेवाळांना दिलं. बनारस हिंदू विश्वविद्यालयात आर. एन. सिंह यांनी १९५०मध्ये उत्तर प्रदेशातली खारवट उसर जमीन नीलहरित शेवाळांनी सुधारता येते, असं मांडलं. त्या जमिनीला बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं आणि शेवाळ वाढू द्यायचं, एवढीच युक्ती. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी ते शेतकऱ्याच्या अंगणात आणलं. पत्र्याच्या तबकात माती, सुपर फॉस्फेट आणि पाणी घ्यायचं, वर शेवाळाचं विरजण टाकायचं आणि उन्हात ठेवायचं. पाणी आटलं की पापुद्रे सुटतात. ते पापुद्रे लावणीनंतर आठवड्याने हेक्टरी १० किलो विस्कटायचे.

यातून हंगामाला हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळतं असं धरतात. खरा नफा-तोटा काढायचा तर हा आकडा पोत्यात बसवून बघावा. युरियात ४६ टक्के नत्र असतं. ४५ किलोच्या पोत्यात साधारण पावणेएकवीस किलो. म्हणजे एक हेक्टर खाचरातल्या सगळ्या माळांनी, सगळ्या फिक्या मण्यांनी, श्वासाला तीन-चार रेणू या गतीने हंगामभर राबून केलेलं काम म्हणजे एक ते दीड पोतं. दहा गुंठ्यांना अडीच किलो. कमीच आहे. त्यावर आजच्या जातींचं भरघोस पीक निघणार नाही, आणि निघेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्यातही गोगलगायी शेवाळ खातात, पाणी आटलं तर ते सुकतं, स्फुरद कमी असला तर वाढत नाही, आणि माळा मेल्यावर, कुजल्यावरच त्यांचं नत्र भाताच्या मुळाशी पोचतं.

पोतं फुटलं की आणखी एक होतं. युरिया पाण्यात विरघळतो, माळेला आयतं नत्र मिळतं आणि ती फिके मणी करायचं थांबवते. आयतं मिळत असताना सोळा नाणी कोण खर्च करील? मग या पाण्यात हायड्रोजन निसटत नाही, कुणी तो परत घेत नाही, पोथीतली पानं शिवलेलीच राहतात. माळ हिरवीगार दिसते, साय दाट येते, बुडबुडेही येतात. वरून बघणाऱ्याला काही फरक कळत नाही.

हे खाचर ज्यांचं आहे त्यांनी या वर्षी अर्धंच पोतं टाकलंय, तेही दोन हप्त्यांत. शेवाळाचा विचार करून नव्हे. पोत्यामागे गाडीभाडं पडतं म्हणून. त्यामुळे आत्ता, या ओळींच्या मधे, फिके मणी असतील.

शेवटचा एक श्वास त्यांच्याबरोबर. आत. बाहेर. तीन-चार रेणू.

आता उठू या. गोणपाट झटकून घ्या. चपला हातात धरा आणि पायाचे अंगठे मातीत रोवत चाला. माळांभोवती बुळबुळीत आवरण असतं, बांधावरही तेच पसरलेलं असतं, आणि मी इथे दोनदा आपटलेय.